आगीचा बंब आणि वाहन कायदा: सूट कशातून आहे, कशातून नाही

गेल्या दोन-तीन वर्षांत एक बातमी निरनिराळ्या गावांच्या नावाने पुन्हा पुन्हा वाचायला मिळते. नगरपालिकेच्या अग्निशमन केंद्रात बंब आहे, त्याचा पंप चालतो, चालक हजर आहे, पण बंब रस्त्यावर आणता येत नाही. कारण त्याला पंधरा वर्षं झाली आणि नोंदणी संपली. बातमीखाली लोकांचे प्रश्न ठरलेले असतात. आग विझवणाऱ्या गाडीला कसली आलीय नोंदणी? सिग्नल तोडायची मुभा असलेल्या गाडीला वयाचा नियम कसा लागू होतो? मग बंबाला सूट आहे तरी कशातून?

प्रश्न रास्त आहेत. उत्तर समजायला दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात. पहिली, गाडी चालवायची कशी याचे नियम: वेग, सिग्नल, एकदिशा मार्ग. दुसरी, गाडी असावी कशी याचे नियम: ब्रेक, वजन, टायर, केबिन, वय. बंबाला सवलत मिळते ती प्रामुख्याने पहिल्या प्रकारात. दुसऱ्या प्रकारात तो बहुतांशी साध्या मालट्रकसारखाच धरला जातो. हा फरक एकदा लक्षात आला की बाकीचा गोंधळ बराचसा निवळतो.

## कायद्याच्या लेखी बंब म्हणजे काय?

मोटार वाहन कायदा १९८८ सालचा आणि त्याखालचे केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ चे. या कायद्याखाली वाहनांची जी वर्गवारी केली आहे, तिच्यात अग्निशमनाच्या गाड्या परिवहन वाहनांत मोडतात. परिवहन वाहन म्हणजे सोप्या भाषेत खासगी वापराची नसलेली, कामाची गाडी: ट्रक, बस, टेम्पो, टॅक्सी. ट्रकला जसं ठरावीक काळाने योग्यता प्रमाणपत्र, म्हणजे आपण ज्याला पासिंग म्हणतो ते, घ्यावं लागतं तसंच बंबालाही. पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी, त्यानंतर दरवर्षी.

काही कागदोपत्री जाचातून मात्र बंबाला मोकळं ठेवलं आहे. ट्रकला लागणारा परवाना (परमिट) केवळ पोलीस, अग्निशमन किंवा रुग्णवाहिकेच्या कामासाठी वापरल्या जाणाऱ्या वाहनाला लागत नाही. कलम ६६ मध्येच तशी तरतूद आहे. राष्ट्रीय महामार्गांवर टोल नाही. ही सूट समजण्यासारखी आहे. परवाना आणि टोल हे धंद्याच्या आणि पैशाच्या हिशेबाचे विषय. बंब जळत्या घराकडे भाडं मारायला जात नाही.

## रस्त्यावर कोणती मुभा मिळते?

अग्निशमन दलात आगीची खबर आली की तिला ‘वर्दी’ म्हणतात. वर्दी मिळाली, बंब केंद्राबाहेर पडला, दिवा आणि भोंगा सुरू झाला की २०१७ चे मोटार वाहन चालनाचे विनियम त्याच्या बाजूने उभे राहतात. लाल सिग्नल ओलांडणं, वेगमर्यादेपेक्षा जोरात जाणं, एकदिशा मार्गावर उलट शिरणं किंवा रस्त्याच्या कडेच्या पट्ट्यावरून जाणं, हे सारं त्याला करता येतं. अट अशी की जीव वाचवायची किंवा मोठं नुकसान टाळायची खरोखर निकड हवी आणि हे सगळं पुरेशी खबरदारी घेऊन व्हायला हवं.

दिव्याचं आणि भोंग्याचंही असंच. १ मे २०१७ पासून मंत्र्या-अधिकाऱ्यांच्या गाड्यांवरचे लाल दिवे गेले. आगीच्या, पोलिसांच्या आणि आपत्ती निवारणाच्या कामावरच्या गाड्यांना मात्र लाल, निळ्या आणि पांढऱ्या रंगांचा दिवा वापरता येतो. एकामागून एक वेगवेगळे सूर काढणारा भोंगा इतर वाहनांना लावता येत नाही. रुग्णवाहिका, अग्निशमन आणि पोलीस यांच्यासारख्या मोजक्या गाड्यांना तो लावता येतो आणि त्यांच्या आवाजालाही नोंदणी प्राधिकाऱ्याची मान्यता लागते.

आणखी एक सूट फारशी कोणाला ठाऊक नसते. मालवाहू ट्रकना वेगनियंत्रक बसवावा लागतो, जेणेकरून ताशी ८० किलोमीटरच्या वर गाडी जाऊच नये. हे सांगणाऱ्या नियम ११८ मधून अग्निशमनाच्या गाड्यांना वगळलं आहे.

ही शेवटची सूट मला अस्वस्थ करते. बाकीच्या सवलती देताना कायदा इतर माणसांना सांगतो की बाजूला व्हा, याला जाऊ द्या. वेगाची सूट देताना मात्र तो बंबाच्या चालकालाच सांगतो की तू जोरात जाऊ शकतोस. ही परवानगी कायदा देतो, पण गाडीच्या पोटातलं पाणी देत नाही.

## साडेचार टन पाणी काय करतं?

घागर काठोकाठ भरली की तिच्यातलं पाणी गप्प असतं. रिकामी असेल तर प्रश्नच नाही. अर्धी भरलेली घागर डोक्यावर घेऊन चालताना मात्र पाणी डचमळतं आणि प्रत्येक पावलाला मान सांभाळावी लागते. स्कूटरच्या पायाशी अर्धा भरलेला पाण्याचा कॅन ठेवून वळण घेतलं असेल, तर पाणी कसं उलट्या बाजूला ओढतं तेही तुम्हाला आठवेल.

आता तोच कॅन ४,५०० लिटरचा समजा. महापालिकांकडच्या नेहमीच्या मोठ्या बंबात साधारण एवढं पाणी असतं. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, म्हणजे साडेचार टन. चालकाने ब्रेक दाबला की गाडी थांबते, पाणी पुढे जातच राहतं आणि टाकीच्या पुढच्या भिंतीवर आदळून गाडीला आणखी पुढे ढकलतं. वळणावर ते बाहेरच्या बाजूला चढतं आणि जो भार मधोमध असायला हवा तो एका कडेला जातो. म्हणून टाकीच्या आत भोकं असलेल्या पत्र्याच्या आडव्या-उभ्या भिंती घालतात. पाणी एकदम न सरकता हळूहळू झिरपत सरकावं हा त्यांचा उद्देश. बाहेरून त्या दिसत नाहीत. आतून गंजून एखादी सुटली तरी बाहेरून काही कळत नाही.

यातून निघणारी एक गोष्ट सहज ध्यानात येत नाही. आगीकडे जाताना टाकी भरलेली असते. परतताना ती बहुधा अर्धी असते, माणसं थकलेली असतात आणि भोंगा बंद असतो. सगळ्यांचं लक्ष जातानाच्या धावपळीकडे असतं, पण पाण्याच्या दृष्टीने अवघड प्रवास परतीचा. शक्य असेल तिथे टाकी पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामी करून निघावं हा शहाणपणा त्यामुळेच सांगितला जातो.

वेगाचं गणितही पाहून घेऊ. गाडीचा वेग दीडपट केला की तिला थांबवायला ब्रेकना सव्वादोनपट काम करावं लागतं. दुप्पट केला तर चौपट. आणि हाती काय लागतं? चार किलोमीटरचं अंतर ताशी ४० ने सहा मिनिटांत कापलं जातं, ताशी ६० ने चार मिनिटांत. दोन मिनिटं वाचली. ही दोन मिनिटं आगीत फार मोलाची असतात, यात शंका नाही. पण एकाच चौकात आपण बंबाला तेवढा वेळ अडवून ठेवतो. तीच दोन मिनिटं वाट मोकळी करून मिळाली तर साडेचार टन पाण्याला ताशी ६० ने पळवावं लागत नाही.

अमेरिकेतल्या अग्निशमन मानकांनी याच कारणाने उलटी वाट धरली. तिथल्या राष्ट्रीय अग्निसंरक्षण संघटनेच्या मानकाच्या २००९ च्या आवृत्तीपासून जड बंबांचा कमाल वेगच बांधून टाकला: ताशी ६८ मैल, म्हणजे सुमारे १०९ किलोमीटर. टाकी १,२५० गॅलनपेक्षा, म्हणजे साधारण ४,७०० लिटरपेक्षा मोठी असेल तर ताशी ६० मैल. गाडी कडेला कलवून बघण्याची चाचणी घ्यायची किंवा घसरण आवरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा बसवायची, असंही त्यात आलं. पाण्याचे बंब उलटून जवान दगावण्याच्या घटना तिथे वारंवार घडल्या, त्यातून हे शिकणं झालं. आपल्याकडे अग्निशमनाला वेगनियंत्रकातून सरसकट वगळण्याऐवजी त्यांच्यासाठी वेगळी, जरा वरची मर्यादा ठेवायला हवी होती, असं माझं स्पष्ट मत आहे.

## बंब कारखान्यात बनतो ना? मग त्याची तपासणी झालेलीच असेल!

इथेच नियमांची साखळी सर्वांत सैल आहे, म्हणून जरा थांबू.

मोटारगाडी कारखान्यातून पूर्ण होऊन बाहेर येते. बंबाचं तसं नसतं. ट्रक बनवणारी कंपनी चेसिस विकते: सांगाडा, इंजिन, चाकं, ब्रेक आणि बहुधा केबिन. मग दुसराच कारखाना त्यावर पाण्याची टाकी, पंप, होजचे कप्पे, शिडी आणि मागची जवानांची केबिन बांधतो. शेवटी ती गाडी आरटीओत नोंदवली जाते.

चेसिसला नियम १२६ खाली नमुना-मंजुरी लागते. नमुना-मंजुरी म्हणजे त्या प्रकारची एक गाडी मान्यताप्राप्त संस्थेकडे नेऊन ब्रेक, दिवे, धूर वगैरे सगळ्याची चाचणी द्यायची. ती उतरली तर तशाच बाकीच्या गाड्या विकता येतात. या कामाच्या महत्त्वाच्या संस्था महाराष्ट्रातच आहेत. पुण्याची एआरएआय, भोसरीची सीआयआरटी आणि अहिल्यानगरची व्हीआरडीई. तेव्हा चेसिसबद्दल फारशी काळजी नको.

पण समजा, एखाद्या इमारतीचा दोन मजल्यांचा नकाशा मंजूर झाला. पाया, खांब सगळं दोन मजल्यांच्या हिशेबाने. नंतर मालकाने गच्चीवर पत्र्याची खोली चढवली आणि तिथे पाण्याच्या दोन मोठ्या टाक्या ठेवल्या. इमारत पडेलच असं नाही, पण मंजुरीचा कागद आता त्या इमारतीचा राहिला नाही. बंबाचं नेमकं असंच होऊ शकतं. मूळ केबिनची ताकद तपासलेली असते. ती मागून कापून सहा जवानांसाठी लांबवली की ती हमी तशीच्या तशी पुढे येत नाही. पूर्ण बांधलेला बंब आदळून त्याची टक्कर-चाचणी कोणी घेत नाही. एकेका गावासाठी एक-दोन गाड्या बांधल्या जातात, तेव्हा त्यातली एक फोडून बघणं परवडणारं नाही, हेही खरं.

मग भरवसा कशाचा? पहिला आधार वजनाचा. दोन आसांच्या (अ‍ॅक्सलच्या) ट्रकला जुलै २०१८ पासून एकूण साडेअठरा टनांपर्यंत वजनाची परवानगी आहे, आधी ती १६.२ टन होती. चेसिस कंपनीने दिलेली मर्यादा याहून कमी असेल तर ती पाळायची. टाकीत साडेचार टन पाणी, मग टाकीचं लोखंड, पंप, शिडी, होज, हत्यारं, माणसं असं एकेक मांडत गेलं की बेरीज कुठे पोचते ते कागदावर कळतं. पण बेरीज करून भागत नाही. पुढच्या आसावर किती आणि मागच्यावर किती, हे काट्यावर चढवून बघावं लागतं. नवा बंब ताब्यात घेताना पाणी, साहित्य आणि माणसं यांच्यासह तो वजनकाट्यावर न्यावा, ही साधी गोष्ट प्रत्येक पालिकेने करायला हवी.

दुसरा आधार भारतीय मानक ब्युरोच्या मानकांचा. ‘ब’ प्रकारच्या पाण्याच्या बंबासाठी आयएस ९५० हे मानक आहे. असं मानक खरेदीच्या निविदेत लिहिलं तरच ते पुरवठादाराला बांधून घालतं. त्यामुळे बंब किती सुरक्षित निघेल हे बऱ्याच अंशी कायद्याच्या पुस्तकापेक्षा पालिकेच्या निविदेच्या चार पानांवर ठरतं. ती पानं लिहिणाऱ्याला अग्निशमनाचं आणि गाडीचं, दोन्हींचं ज्ञान असावं लागतं.

## आतल्या जवानांचं काय?

जुन्या फोटोंत बंबाच्या मागच्या पायरीवर दांडी धरून उभे असलेले जवान दिसतात. रुबाबदार दिसतं ते. पण कलम १२३ नुसार वाहनाच्या पायरीवर किंवा बॉडीच्या बाहेर माणूस नेता येत नाही आणि त्या कलमात अग्निशमनासाठी पळवाट ठेवलेली नाही.

आत बसल्यावर पट्ट्याचा प्रश्न येतो. पट्टे दिलेल्या गाडीत पुढच्या आसनांवरच्या आणि पुढे तोंड करून असलेल्या मागच्या आसनांवरच्या लोकांनी ते बांधायलाच हवेत. न बांधल्यास १,००० रुपये दंड. आता बंबाची मागची केबिन डोळ्यांसमोर आणा. काही गाड्यांत बाकं समोरासमोर असतात, काहींत पाठमोरी. नियमाची अक्षरं तिथपर्यंत नीट पोचत नाहीत. शिवाय वर्दी मिळाल्यावर जवान चालत्या गाडीत उभे राहून कोट चढवतात, श्वसनयंत्राचा संच पाठीला लावतात. पट्टा अडचणीचा वाटतो, कारण तो कोट घातलेल्या माणसाच्या मापाचा नसतो.

यावर उपाय फार खर्चिक नाहीत. श्वसनयंत्र आसनाच्या पाठीतच अडकवून ठेवायचं, म्हणजे बसल्या-बसल्या त्याचे पट्टे खांद्यावर घेता येतात. अमेरिकी मानकात बंबातले आसनपट्टे लाल किंवा नारिंगी ठेवायला सांगितलं आहे, कारण काळ्या कोटावर काळा पट्टा बांधलाय की नाही ते पुढे बसलेल्या अधिकाऱ्याला दिसत नाही. शिरस्त्राणं केबिनमध्ये सुटी ठेवायची नाहीत, ती खटक्यात अडकवायची. गाडी आदळली की सुटी वस्तू दगडासारखी उडते.

१४ एप्रिलला आपण १९४४ च्या मुंबई गोदीच्या स्फोटात गेलेल्या ६६ अग्निशमन जवानांना आठवतो. तिथून पुढचा आठवडा अग्निशमन सेवा सप्ताह म्हणून पाळला जातो. त्या सप्ताहात ज्वाळांपासून जवानाला वाचवणाऱ्या कोटाची प्रात्यक्षिकं होतात. वळणावर बंब उलटला तर त्याला वाचवणाऱ्या पट्ट्याचंही एक व्हावं.

## आता तो पंधरा वर्षांचा नियम

केंद्र सरकारने १६ जानेवारी २०२३ च्या अधिसूचनेने नियमांत ५२-अ हा नवा नियम घातला. तो १ एप्रिल २०२३ पासून लागू झाला. केंद्र, राज्य, नगरपालिका, महापालिका, परिवहन महामंडळं, सरकारी उपक्रम यांच्या मालकीच्या वाहनांची नोंदणी पंधरा वर्षांनंतर पुढे वाढवली जाणार नाही. गाडी नोंदणीकृत भंगार केंद्रातच मोडीत काढायची. देशाचं संरक्षण, कायदा-सुव्यवस्था आणि अंतर्गत सुरक्षा यांसाठीच्या चिलखती व इतर विशेष वाहनांना त्यातून वगळलं. अग्निशमनाचा उल्लेख त्या सवलतीत नव्हता.

नियमामागचा विचार चुकीचा नाही. जुन्या गाड्या धूर जास्त सोडतात, त्यांचे ब्रेक आणि केबिन जुन्या काळचे असतात आणि सरकारी गाड्या ओढूनताणून चालवायची आपल्याला वाईट सवय आहे. तरीही बंबाला तो लावताना दोन गोष्टी खटकतात.

एक, विसंगती. खासगी कंपनीच्या मालकीचा तितक्याच वयाचा बंब योग्यता चाचणी उतरला तर पुढेही चालू शकतो, पालिकेचा चालू शकत नाही. आग दोन्हीकडे सारखीच लागते.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. कॅलेंडर हे बंबाचं वय मोजायचं धड साधन नाही.

## ‘अहो, पण तो बंब जेमतेम तीस हजार किलोमीटर चाललाय!’

हा आक्षेप नेहमी घेतला जातो. ऐकायला बरोबर वाटतो, पण किलोमीटर हे तर त्याहून फसवं माप आहे.

लग्नाच्या मांडवात भाड्याने आणलेला जनरेटर आठवा. तो रात्रभर घरघरतो आणि एक फूटही हलत नाही. बंबही आगीच्या ठिकाणी असाच उभा असतो. त्याचं इंजिन चाकांऐवजी पंप फिरवतं, तेही तासन्‌तास, वाढलेल्या फेऱ्यांवर आणि आगीच्या झळांजवळ. किलोमीटरचा आकडा तिथेच थांबलेला असतो. म्हणून बंबाचं इंजिन तासांत मोजावं लागतं.

शिवाय मालट्रक माल उतरवला की हलका होतो. बंब रात्रंदिवस भरलेला उभा असतो, पाठीवरची गोणी कधीच न उतरवलेल्या हमालासारखा. त्याचे पाटे (चाकांवरच्या स्प्रिंगा) आणि टायर उभ्या-उभ्या थकतात. टायरची नक्षी नवीकोरी दिसते, पण रबर कडक झालेलं असतं. अमेरिकी देखभाल मानक सांगतं की झीज दिसो वा न दिसो, बंबाचे टायर सात वर्षांत बदला. आपल्याकडे नक्षी बघून टायर पास करतात आणि बंबाच्या बाबतीत नेमकी ती खूण खोटं बोलते.

तेव्हा ‘चालला कमी, म्हणून चांगला आहे’ हे खरं नाही. ‘पंधरा झाली, म्हणून भंगार’ हेही पूर्ण खरं नाही. याच अमेरिकी मानकाच्या पूरक मार्गदर्शनात एक मधली वाट आहे: पंधरा वर्षांनंतर नीट सांभाळलेला बंब पहिल्या फळीतून काढून राखीव ठेवावा आणि पंचविशीनंतर बदलावा. राखीव म्हणजे नेहमीचा बंब दुरुस्तीला गेला किंवा मोठी आग लागली तर बाहेर काढायचा. आपल्या छोट्या नगरपालिकांना हा विचार जास्त लागू पडतो, कारण तिथे अनेकदा एकच बंब असतो. तो बाद झाला आणि नवा यायला निविदेत वर्ष गेलं, तर मधल्या काळात शेजारच्या तालुक्याच्या बंबाची वाट बघायची. जुन्या ब्रेकचा धोका मोठा की तीस किलोमीटरवरून येणाऱ्या पाण्याचा? वयाचा नियम हा प्रश्न विचारतच नाही. राखीव बंबासाठी दरवर्षी कडक चाचणी, इंजिनचे तास, पंपाचा दाब आणि टाकीच्या आतली तपासणी अशा अटींवर मुदतवाढ द्यावी, अशी तरतूद त्यात हवी होती.

पण पालिकांनाही एक विचारायला हवं. गाडीची पंधरा वर्षं भरणार हे ती घेतली त्याच दिवशी ठाऊक होतं. तेराव्या वर्षी नव्या बंबाची तरतूद अंदाजपत्रकात का नव्हती?

## धुराचे नियम बंबाला कशाला?

एप्रिल २०२० पासूनची नवी वाहनं बीएस-६ धूर-मानकाची आहेत. त्यांच्या धुराच्या नळीत काजळी पकडणारी गाळणी असते. गाळणी भरली की गरम धुराने आतली काजळी जळून जाते. महामार्गावर पळणाऱ्या ट्रकमध्ये हे आपोआप होतं. बंब मात्र थोडं अंतर जातो आणि बराच वेळ उभा राहून चालतो, त्यामुळे गाळणी तुंबू शकते. शिवाय धूर स्वच्छ करायला युरियाचं द्रावण लागतं आणि ते संपलं की अशा इंजिनांची ताकद मुद्दाम कमी होते, जेणेकरून चालकाने टाळाटाळ करू नये. ट्रकसाठी हे ठीक. होज धरून जवान आत गेलेला असताना पंपाची ताकद अशी कमी होणं म्हणजे जिवाशी खेळ. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने २०१२ मध्ये बंब आणि रुग्णवाहिकांना या ताकद-कपातीतून सवलत देण्याचा मार्ग मोकळा केला. नवा बंब घेताना त्याचं इंजिन अशा वेळी काय करतं हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावं आणि युरियाचे कॅन केंद्रात डिझेलइतक्याच काळजीने भरून ठेवावेत.

## बंबाने धडक दिली तर चालकाला सगळं माफ?

नाही. सिग्नल ओलांडायची मुभा खबरदारीच्या अटीवर आहे. लाल दिव्याला वेग कमी करून, चौक मोकळा आहे हे बघून पुढे जाणं ही त्याची जबाबदारी. बेदरकारपणे चालवून कुणाचा जीव घेतला तर निष्काळजीपणाचे नेहमीचे गुन्हे त्यालाही लागू होतात. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय न्याय संहितेखाली येतात. नुकसानभरपाईसाठी जखमीला मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे जाता येतं, गाडी सरकारी असली तरी.

बंबाच्या चालकाची बाजूही समजून घ्यावी. मागे भरलेली टाकी, बाजूला पाच-सहा सहकारी, कानात भोंगा, पुढे फोनवर बोलत रस्ता ओलांडणारी माणसं. त्याच्यासाठी वेगळं प्रशिक्षण असायला हवं, नुसता जड वाहनाचा परवाना पुरत नाही.

## बंब तुमच्या मागे आला तर

२०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात कलम १९४-ई आलं. अग्निशमनाची गाडी किंवा रुग्णवाहिका येत असताना जो चालक बाजूला होत नाही त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

लगेच येणारी शंका: ‘मी सिग्नलला पहिलाच उभा आहे. पुढे सरकलो तर कॅमेरा चलान पाठवेल.’ सिग्नल ओलांडायची सूट बंबाला आहे, तुम्हाला नाही. त्यामुळे घाबरून चौकात उडी मारू नका, आडव्या बाजूने येणाऱ्याला तुम्ही दिसत नसता. डावीकडे जितकं दाबता येईल तितकं दाबा, पोलीस हात करत असेल तर त्याचं ऐका. थोडं पुढे सरकावं लागलं आणि चलान आलंच, तर त्याविरुद्ध वाहतूक पोलिसांकडे तक्रार नोंदवता येते.

भोंगा ऐकला की आधी आरशात बघा, आवाज कुठून येतोय ते ओळखा, मग दिवा दाखवून हळूहळू बाजू घ्या. जागच्या जागी करकचून ब्रेक मारू नका; मागच्या साडेचार टन पाण्याला तुमच्याइतकं चटकन थांबता येत नाही. बंबाने केलेल्या मोकळ्या वाटेतून त्याच्या मागे गाडी पळवू नका. गल्लीच्या तोंडाशी दुहेरी पार्किंग करताना लक्षात ठेवा की मोठी गाडी अडीच मीटरच्या आसपास रुंद असते आणि आरसे त्याच्याही बाहेर येतात.

आणि बंब पुढे निघून गेल्यावर लगेच रस्त्याच्या मधे येऊ नका. मोठ्या वर्दीला एकच गाडी जात नाही. मागून दुसरी येत असते, आणि पुष्कळदा शिडी त्या दुसऱ्या गाडीवर असते.